दुसरे गिऱ्हाईक शोधणारा राजा

रत्नागिरीत येणारा पाहुणा थिबा पॅलेस पाहतो, परमुलखात संपलेल्या राजाबद्दल हळहळतो आणि परततो. मला मात्र थिबाची कहाणी हद्दपारीइतकीच व्यापाराचीही वाटते.

थिबाचा जन्म १८५९ चा, मंडालेचा. १८७८ मध्ये तो ब्रह्मदेशाच्या गादीवर आला तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. गादी सुरक्षित करण्यासाठी राजघराण्यातल्या कित्येकांची कत्तल झाली. तो डाग त्याच्या नावावर कायमचा राहिला. राज्यही अर्धेमुर्धेच होते. १८५२ पर्यंत सारा किनारा इंग्रजांनी घेतला होता. थिबाचे सागवान इरावतीतून खाली येई ते इंग्रजांच्या रंगून बंदरातच.

त्याने दुसरे गिऱ्हाईक शोधले. जानेवारी १८८५ मध्ये फ्रान्सशी व्यापारी करार झाला. त्याच वर्षी ओंडके लपवल्याबद्दल त्याच्या दरबाराने मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा कंपनीला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळाले. नोव्हेंबरात पंधरवड्याच्या लढाईत राज्य गेले, १ जानेवारी १८८६ ला ते खालसा झाले आणि एप्रिलमध्ये थिबा रत्नागिरीत आला.

तो इथे दिवस मोजत असताना त्याचा देश हिंदुस्थानचा एक प्रांत बनला होता. मधली जकात उरली नाही. तांदूळ, सागवान, रॉकेल यांना अख्खा हिंदुस्थान खुला झाला. पूर्वी मुख्यतः युरोपला जाणारा तांदूळ इकडे वळला. १९३० नंतरच्या दशकात निर्यातीतला जवळपास निम्मा हिंदुस्थानात येत होता. तांदळाच्या निर्यातीत ब्रह्मदेश जगात पहिला ठरला. मात्र १९३० च्या मंदीत भाव कोसळले आणि काही वर्षांतच दक्षिण ब्रह्मदेशातली सुमारे पाव भातजमीन चेट्टियार सावकारांकडे गेली. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला. १९४२ मध्ये जपानने तो घेतला आणि तांदूळ थांबला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे ते एक कारण होते. बांधलेल्या बाजाराचे चटके दोन्हीकडे बसले.

थिबाने यातले फारसे पाहिले नाही. १९१० मध्ये तो नव्या राजवाड्यात राहायला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला.

प्रश्न मात्र मिटलेला नाही. म्यानमार १९९७ पासून ‘आसियान’चा सदस्य आहे, त्या गटाशी भारताचा वस्तुव्यापार करार २०१० मध्ये अमलात आला. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तूर-उडदाच्या आयातीवर मर्यादा घातली आणि आपल्यासाठी पिकवणारा तिथला शेतकरी अडचणीत आला. करार दार उघडतो. पण दार एकच असेल, तर कडी गिऱ्हाइकाच्या हाती राहते. हापूस एकट्या वाशीच्या बाजारावर सोडणाऱ्या आपल्या बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको.