समजून घ्या : गुरांमागे शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक कोण होत्या?

केज : गावातल्या अंगणवाडीत मूल सोडताना या शब्दात ‘अंगण’ का आहे, याचा विचार सहसा कुणी करत नाही. आज अंगणवाडी म्हणजे खोली, वजनकाटा आणि पोषण आहार. पण ज्यांना या कल्पनेचे श्रेय दिले जाते, त्या ताराबाई मोडक यांची अंगणवाडी खरोखरच अंगणात भरायची. त्यांची आणखी एक शाळा त्याहून लांब, कुरणात भरायची. ती आज फारशी कुणाला ठाऊक नाही, आणि केजसारख्या तालुक्याला खरे तर तीच जवळची वाटावी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी प्रार्थना समाजाच्या विचारांच्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. तेव्हा पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून वेगळ्या झाल्या आणि राजकोटला अध्यापिका घडवणाऱ्या महाविद्यालयात प्राचार्य झाल्या. मानाची आणि चांगल्या पगाराची ही नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आल्या. मारिया माँटेसरी यांची पद्धत भारतीय मुलांसाठी कशी वळवावी, यावर गिजुभाई तिथे काम करत होते.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. नाव झाले, शाळा भरली. पण या शिक्षणाचा लाभ शहरातल्या मध्यमवर्गीय घरांनाच मिळत होता. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न तसाच उभा होता.

बोर्डीत काय घडले?

१९४५ च्या अखेरीस ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी गेल्या. वय ५३. सोबत अनुताई वाघ होत्या. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि पहिल्याच पावलाला दोन अडचणी आल्या.

पहिली पैशांची. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणारी नव्हती. मग समुद्रकाठचे शंख-शिंपले, झाडांच्या बिया, पाने, खडे, माती हेच साहित्य झाले. लहान-मोठे ओळखणे, मोजणे, रंग लावून जुळवणे, खरखरीत-गुळगुळीत हाताला कळणे ही सगळी कामे शिंपल्यावरही तितकीच चांगली होतात. निसर्ग इथे सहलीपुरता नव्हता, तोच पाटी आणि तेच पुस्तक होता.

दुसरी अडचण मोठी होती. मुलेच येत नव्हती. मग शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. मुलांना गोळा करायचे, हात-तोंड धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथेच अंगणात गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. ही अंगणवाडी.

कुरणशाळा म्हणजे काय?

१९५७ च्या सुमारास काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. भोवती वारल्यांचे पाडे. इथली मुले आळशी नव्हती, कामात होती. कुणी गुरे राखत होते, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होते. भावंडांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. तिला विकासवाडी म्हणतात. राहिली गुराखी मुले. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. समोर दिसणारे झाड, पक्षी, गवत, दगड हेच धड्याचे विषय. मुलाने काम सोडून शाळेत यावे, ही अटच ताराबाईंनी काढून टाकली.

गुराखी मुलाला रानाची माहिती बहुधा मास्तरांपेक्षा जास्त असते. शाळेच्या खोलीत जे मूल मागे पडते, ते कुरणात पुढे असते. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी आजच्या ‘निसर्ग शिक्षण’ नावाच्या महागड्या शिबिरांकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल.

केजशी संबंध काय?

केज तालुक्याला समुद्र नाही, पण चिंचोके आहेत, सीताफळाच्या बिया आहेत, लिंबाच्या लिंबोळ्या आणि ओढ्यातल्या गारगोट्या आहेत. पहिली-दुसरीच्या मुलांना दहाचे गठ्ठे शिकवायला चिंचोक्यांना पैसा लागत नाही. धनेगावच्या मांजरा धरणाचे पाणी वर-खाली होते, ते पाहणे हाही एक धडाच.

मात्र खरा प्रश्न दिवाळीच्या आसपास उभा राहतो. ऊसतोडीला कोयता निघतो आणि आई-बापांसोबत लहान मुलेही फडावर जातात. हंगामी वसतिगृहे, साखरशाळा हे उपाय त्यासाठीच निघाले. पहिल्यात मूल गावी ठेवायचे, दुसऱ्यात शाळा मुलामागे न्यायची. कुरणशाळेचे नाते या दुसऱ्या वाटेशी आहे. आई-बापांपासून पाच-सहा महिने दूर ठेवणे सहा वर्षांच्या मुलाला जड जाते, हे बीडच्या घरांना सांगायला नको.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कुरणशाळेला मात्र अशी योजना लाभली नाही. कोसबाडचे काम पुढे अनुताई वाघ यांनी १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालवले.