मातीत ओढलेली रेघ
पंचांच्या नशिबी प्रेक्षकांच्या शिव्या असण्याच्या काळात, १९०५ साली रॉचेस्टरचे बिल क्लेम (१८७४-१९५१) बेसबॉलच्या नॅशनल लीगमध्ये पंच झाले. १९४१पर्यंत त्यांनी विक्रमी १८ वर्ल्ड सिरीजमध्ये काम केले. छातीपुढे धरायचे अवजड, फुगीर कवच त्यांनी नाकारले. कोटाच्या आत कवच घालून ते कॅचरच्या खांद्याजवळ वाकत. चेंडू नीट दिसे. नॅशनल लीगने हीच रीत स्वीकारली. अमेरिकन लीगमध्ये मात्र फुगीर कवच अनेक दशके टिकले. हुज्जत वाढली, की क्लेम बुटाने मातीत रेघ ओढून पाठ फिरवीत. ती ओलांडणारा मैदानाबाहेर! असा हा करारी माणूस 'कॅटफिश' या टोपणनावाने मात्र भडकत असे. १९५३ साली, मरणोत्तर, टॉम कॉनोली यांच्यासह ते 'हॉल ऑफ फेम'मधील पहिले पंच ठरले.