सैन्याचा पगार थकला म्हणून धाराशिव इंग्रजांकडे गेलं, तेव्हा २४ वर्षांच्या दिवाणांनी तिजोरी उभी केली

दरवर्षी मार्च उजाडला की राज्याच्या बजेटची चर्चा सुरू होते. मुंबईत आकडे वाचले जातात आणि इकडे कळंबमध्ये मोबाईलवर एकच गोष्ट शोधली जाते. आपल्या तालुक्याला काय मिळालं? रस्ता आला का, पाण्याची योजना आली का, दवाखान्याला पैसे आले का?

पण एक काळ असा होता की, कळंब ज्या राज्यात होतं त्या राज्याला आपल्याकडं वर्षाला नक्की किती पैसे येतात हेच धड माहिती नव्हतं. जमा माहिती नाही म्हटल्यावर खर्चाचा अंदाज कुठून येणार? याची किंमत म्हणून त्या राज्याला धाराशिवचा मुलूख हातचा घालवावा लागला.

तो मुलूख परत आला आणि त्या राज्याला पहिल्यांदा नीट जमाखर्च मांडता येऊ लागला तो एका माणसाच्या काळात. त्यांचं नाव मीर तुराब अली खान. जगाला ते माहिती आहेत सालारजंग या किताबानं.

हैदराबादला फिरायला गेलेला प्रत्येक मराठी माणूस सालारजंग म्युझियम बघून येतो. बुरख्यातल्या रिबेकाचा तो संगमरवरी पुतळा डोळे भरून बघतो. ते म्युझियम प्रामुख्यानं त्यांच्या नातवाच्या, म्हणजे तिसऱ्या सालारजंगांच्या संग्रहावर उभं आहे. रिबेका मात्र पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोममधून आणली. पण त्यांचं खरं काम म्युझियममध्ये दिसत नाही, कारण ते होतं हिशेबाच्या वह्यांमध्ये.

त्यासाठी आधी बघावं लागतं, राज्याची अशी अवस्था झालीच कशी?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या राज्याचा कारभार बराच काळ चंदूलाल यांच्या हातात होता. राज्य मोठं, दरबार मोठा, सैन्य त्याहून मोठं. त्यात इंग्रजांच्या हुकमतीखाली चालणारी पण निजामाच्या पैशावर पोसलेली एक फौज होती. तिला म्हणायचे हैदराबाद कंटिन्जंट. अधिकारी इंग्रजांचे, हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामानं द्यायचा.

पैसे कमी पडले की सावकार गाठायचा, हा चंदूलाल यांच्या काळातला सोपा उपाय. हैदराबादच्या पामर कंपनीचं कर्ज तर इतकं वाढलं की, ते फेडण्यासाठी निजामाला उत्तर सरकार भागाची वर्षाला ७ लाख रुपयांची हक्काची रक्कम १८२३ मध्ये कायमची सोडून द्यावी लागली. त्या बदल्यात इंग्रजांकडून एकरकमी पैसे मिळाले आणि ते कर्जात गेले.

मग शेतसाऱ्याचे पैसे कुठं जात होते?

तर सारा गोळा करायचं काम तालुकदारांना मक्त्यानं दिलेलं असायचं. जो जास्त रक्कम कबूल करेल, आगाऊ पैसे देईल, त्याला तालुका. बरेच तालुकदार स्वतः हैदराबाद शहरात राहायचे आणि गावाकडं आपला नायब पाठवायचे. उद्या कुणी जास्त बोली लावली की आजचा तालुकदार जाणार. त्यामुळं आपल्याकडं तालुका आहे तोवर वसूल करून घ्यायचं, पुढच्या वर्षी शेतकरी जगला काय आणि उठून गेला काय, याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

काही तालुके तर थेट सावकारांकडं आणि अरब, रोहिला जमादारांकडं गहाण पडलेले. हे जमादार भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या बाळगायचे, त्यांच्या जोरावर सावकारी करायचे आणि वसुलीसाठी मुलखावरच ताबा ठेवायचे. म्हणजे पैसा शेतकऱ्याच्या घरातून निघायचा पण सरकारच्या तिजोरीपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत जिरायचा.

अशात कंटिन्जंटचे पगार थकत गेले. इंग्रज स्वतः पैसे भरायचे आणि निजामाच्या नावावर कर्ज मांडायचे. शेवटी लॉर्ड डलहौसीनं गळा आवळला. २१ मे १८५३ रोजी तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला.

तह झाला आणि पुढच्या काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारले. त्यांच्या जागी त्यांच्या पुतण्याला, तुराब अलींना नेमण्यात आलं.

वय वर्षं २४.

घराणं दिवाणांचंच होतं. पणजोबा मीर आलम दिवाण, आजोबा मुनीर-उल-मुल्क दिवाण, काका दिवाण. वडील लहानपणीच गेलेले. पण त्यांच्या कामी आला तो वेगळाच अनुभव. १८४८ च्या सुमारास काही महिने त्यांनी खम्ममचा तालुका सांभाळला होता. त्यांच्या आधी तिथं डायटन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याची वसुलीची आणि नोंदी ठेवायची पद्धत त्यांनी बारकाईनं बघितली. तालुक्यात पैसा कसा जमतो आणि कुठं गळतो हे दिवाण होण्याआधी प्रत्यक्ष बघितलेला हा माणूस होता.

त्यांनी पहिलं काम हातात घेतलं ते गळती थांबवायचं.

मक्त्यानं तालुके देणं हळूहळू बंद करून त्यांनी पगारी तालुकदार नेमायला सुरुवात केली. वसुलीत ज्याचा नफा नाही, अशा माणसाच्या हातात वसुली देण्यात आली. अरब आणि रोहिल्यांकडं गहाण पडलेले मुलूख त्यांचे दावे तपासून, हिशेब करून टप्प्याटप्प्यानं सोडवले गेले. राज्याची मध्यवर्ती तिजोरी उभी राहिली. ज्याच्या त्याच्या हातात जाणारा पैसा एका ठिकाणी यायला लागला.

आज हे ऐकून साधं वाटतं. पण बजेटची खरी सुरुवात इथंच होते. बजेट म्हणजे पुढच्या वर्षाची जमा आणि खर्च यांचा आधीच केलेला अंदाज. तो करायचा तर सगळी जमा एकाच जागी आली पाहिजे, ती कुणाकडून किती येणार हे ठरलेलं पाहिजे आणि पैसा खर्च करणारा माणूस हिशेबाला बांधलेला पाहिजे. या तिन्हीपैकी एकही गोष्ट १८५३ च्या हैदराबादमध्ये नव्हती.

आता इकडं धाराशिवमध्ये काय चाललं होतं?

इंग्रजांनी हा मुलूख घेतल्यावर तिथं कर्नल मेडोज टेलरला नेमलं. ठगांवरच्या इंग्रजी कादंबरीमुळं नाव झालेला हाच तो टेलर. १८५३ ते १८५७ त्याचा मुक्काम नळदुर्गला होता. त्यानं जमिनीची मोजणी सुरू केली, रस्ते आणि तलावांच्या कामात लक्ष घातलं. म्हणजे एकाच वेळी एका राज्याचा नवा दिवाण आणि त्या राज्याच्या गेलेल्या जिल्ह्यातला इंग्रज अधिकारी, दोघंही एकाच प्रश्नाला भिडले होते. जमीन किती, पिकते किती आणि सारा किती?

मग आलं १८५७.

१७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीवर हल्ला झाला. सालारजंग इंग्रजांच्या बाजूनं उभे राहिले. यावरून त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. पुढं १८५९ मध्ये दरबारातून बाहेर पडताना त्यांच्यावर गोळी झाडली गेली. १८६८ मध्ये पुन्हा तसाच प्रयत्न झाला. दोन्ही वेळा ते वाचले.

१८६० च्या तहानं धाराशिव आणि रायचूरचा दुआब निजामाला परत मिळाला. सुमारे ५० लाखांचं कर्जही माफ झालं. हे निव्वळ चांगल्या हिशेबाचं फळ होतं असं नाही, इंग्रजांशी इमान राखल्याचं ते बक्षीसही होतं. बदल्यात गोदावरीच्या डाव्या तीरावरचा काही भाग सोडावा लागला आणि वऱ्हाड तर इंग्रजांकडंच राहिलं.

पण मुलूख परत मिळाला तेव्हा तो सांभाळायची यंत्रणा तयार होत आली होती, हे महत्त्वाचं.

१८६५ मध्ये सालारजंगांनी आणली जिलाबंदी. राज्याचे ५ सुभे आणि १४ जिल्हे पाडले. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि तिसरा तालुकदार, तालुक्याला तहसीलदार. सगळे पगारी. धाराशिवचा भाग तेव्हा नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जायचा. धान्याच्या वाट्यानं सारा घ्यायची पद्धत जिथं होती तिथं ती मोडून रोख सारा ठरवला गेला. देशमुख, देशपांडे यांच्याकडून वसुलीचं काम गेलं आणि त्यांना रसूम म्हणून ठरावीक रक्कम मिळायला लागली.

१८६८ मध्ये कारभाराची खाती वाटली गेली. महसूल, न्याय, पोलीस आणि इतर कामं, प्रत्येकाला स्वतंत्र मंत्री. खातं वेगळं झालं की खर्चही वेगळा दिसायला लागतो. पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीवर मराठवाड्यात जमिनीची मोजणी सुरू झाली. उत्तरेतून मेहदी अली, चिराग अली यांच्यासारखे कारभार जाणणारे लोक बोलावले गेले. फसली सनानुसार वर्षाचा जमाखर्च लिहायचा, मागच्या वर्षाशी ताडून बघायचा आणि पुढचा अंदाज बांधायचा, ही सवय राज्याला लागत गेली.

याच पायावर १८७४ मध्ये वाडी ते हैदराबाद रेल्वे धावली. रेल्वेनं तिजोरीवर मोठा भार टाकला. लगेच १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानं उरलेली परीक्षा घेतली.

दरम्यान १८६९ मध्ये निजाम अफजल-उद-दौला वारले. वारस महबूब अली खान तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते. राज्याची सूत्रं सालारजंग आणि शम्स-उल-उमरा यांच्याकडं आली. आधीच्या निजामाच्या काळात ज्या दिवाणांना शहराबाहेर जायलाही परवानगी लागायची, तेच आता राज्य चालवत होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनातून कधी गेली नाही. वऱ्हाड.

कंटिन्जंटच्या पगाराची हमी म्हणून वऱ्हाड गेलं होतं ना? मग त्या पगारासाठी लागणारं भांडवलच एकरकमी जमा करतो, वऱ्हाड परत द्या, असा प्रस्ताव त्यांनी इंग्रजांपुढं ठेवला. २० वर्षांपूर्वी पगार थकवणारं राज्य आता भांडवल मोजायची भाषा करत होतं. इंग्रजांनी नकार दिला. १८७६ मध्ये ते इंग्लंडला गेले. वाटेत पॅरिसमध्ये जिन्यावरून पडून पाय मोडला, तरीही गेले. ऑक्सफर्डनं मानद पदवी दिली, लंडन शहरानं सन्मान केला. वऱ्हाड मात्र मिळालं नाही. १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांना कायमचं भाडेपट्ट्यानं दिलं गेलं.

ते बघायला सालारजंग नव्हते. ८ फेब्रुवारी १८८३ रोजी कॉलऱ्यानं त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ५४. जवळपास ३० वर्षं ते दिवाण होते.

त्यांचं काम अर्धवट राहिलं का? तर हो, राहिलं. निजामाची खासगी मालकी असलेला सर्फ-ए-खास मुलूख आणि जहागिरी मिळून राज्याचा सुमारे ४० टक्के भाग सरकारी तिजोरीच्या बाहेरच होता. तिथला पैसा दिवाणाच्या हिशेबात येत नव्हता. शिवाय जो पैसा हिशेबात यायचा, तो कशावर खर्च करायचा हे विचारायचा हक्क रयतेला नव्हता. पुढं १९२० च्या दशकात अकबर हैदरी यांनी खात्यांना ठरावीक रकमा बांधून देत बजेट आणखी शिस्तीत आणलं. पण तो हक्क तेव्हाही मिळाला नाही.

त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. सर्फ-ए-खास आणि जहागिरी १९४९ मध्ये संपल्या. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

आज राज्यघटनेच्या कलम २६६ नुसार राज्याचा सगळा महसूल एकत्रित निधीत जमा होतो आणि विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय त्यातून पैसा काढता येत नाही. कलम २०२ नुसार दरवर्षी जमाखर्चाचा अंदाज विधिमंडळापुढं ठेवावाच लागतो. सगळा पैसा एका तिजोरीत, ही यातली पहिली अर्धी गोष्ट सालारजंगांनी हैदराबादमध्ये रुजवली. त्या तिजोरीचा हिशेब लोकांनी मागायचा, ही दुसरी अर्धी गोष्ट लोकांनी लढून मिळवली.

त्यामुळं पुढच्या मार्चमध्ये बजेट आलं की आपल्या तालुक्याला काय मिळालं हे जरूर शोधा. हिशेब नसल्यामुळं एकदा अख्खा मुलूख गेला होता, तो याच मातीतला.