दोन कायदेमंत्री, दोन राजीनामे

बोळिंज, विरार, नालासोपारा या पट्ट्यातील वस्त्यांत संविधानावर बोलायला आम्ही जातो, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारतो. बाबासाहेब संविधान सभेवर पहिल्यांदा कोठून निवडून गेले? बहुतेकांचे उत्तर मुंबई असते. पण मुंबईचा क्रमांक दुसरा आहे. पहिल्यांदा त्यांना बंगालने निवडून दिले आणि त्या निवडीमागे जोगेंद्रनाथ मंडल नावाचा एक नमशूद्र वकील उभा होता. ज्याचे ऋण आपल्यावर आहे, त्याचा फोटो आपल्या किती कार्यक्रमांत लागतो?

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या बारिसाल भागातील खेड्यात झाला. नमशूद्र म्हणजे पूर्व बंगालमधला कष्टकरी, शेती करणारा अस्पृश्य समाज. गरिबीशी झगडत ते शिकले आणि १९३४ साली कायद्याचे पदवीधर झाले. १९३७ च्या निवडणुकीत ते राखीव नव्हे, तर सर्वसाधारण जागेवर अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या बड्या सवर्ण उमेदवाराला हरवून बंगालच्या विधानसभेत गेले. १९४३ मध्ये ते प्रांताचे मंत्री झाले. १९४२ साली नागपुरात बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखाही त्यांनीच उभी केली.

१९४६ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या लाटेत फेडरेशनची देशभर वाताहत झाली. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांतील आमदार निवडणार होते आणि मुंबईतून बाबासाहेबांना निवडून पाठवण्याइतके बळ फेडरेशनकडे उरले नव्हते. काँग्रेसने तर दारेच बंद केली होती. बंगालमध्येही फेडरेशनचे एकटे जोगेंद्रनाथ निवडून आले होते. परंतु हा माणूस एकटा असूनही हातपाय गाळून बसला नाही. त्यांनी इतर अस्पृश्य आमदारांना जोडले, पहिल्या पसंतीच्या मतांचे गणित जमवले आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. पुढे फाळणीमुळे ती जागा गेली आणि बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून त्यांची निवड झाली. पण तोवर संविधान सभेत बाबासाहेबांचा आवाज घुमला होता, त्यांची योग्यता काँग्रेसवाल्यांनाही पटली होती. दुसरे दार उघडले, कारण पहिले दार जोगेंद्रनाथांनी उघडले होते.

इथपर्यंतची कथा आपल्याकडे अधूनमधून सांगितली जाते. पुढची कोणी सांगत नाही. ती अवघड आहे, पण चळवळीने अवघड इतिहासाला पाठ दाखवू नये.

जोगेंद्रनाथांचा हिशेब असा होता: पूर्व बंगालमधला नमशूद्र आणि मुसलमान दोघेही शेतकरी, दोघेही गरीब, आणि दोघांच्या मानेवर बसलेला जमीनदार व सावकार बहुधा सवर्ण हिंदू. मग या दोघांनी एकत्र का राहू नये? या विश्वासाने ते मुस्लिम लीगबरोबर गेले. ऑक्टोबर १९४६ मध्ये लीगने आपल्या वाट्यातून त्यांना हंगामी सरकारात पाठवले. १० ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरली आणि ते पाकिस्तानचे पहिले कायदा व कामगार मंत्री झाले. वाचकहो, १५ ऑगस्ट १९४७ ला दोन्ही देशांचे कायदेमंत्री अस्पृश्य समाजातले होते, एकाच फेडरेशनचे होते!

पण दोघांच्या हाती काय आले ते पाहा. बाबासाहेबांनी देशाला संविधान दिले. पाकिस्तानला पहिले संविधान मिळायला १९५६ उजाडले. जोगेंद्रनाथांकडे खुर्ची होती. पण आपल्या माणसाला दाखवता येईल असा हक्काचा लेखी कागद नव्हता, आणि मागे स्वतःची संघटित ताकद उरली नव्हती. नोव्हेंबर १९४७ मध्येच बाबासाहेबांनी पाकिस्तानातील अस्पृश्यांना भारतात येण्याचे आवाहन केले होते. जोगेंद्रनाथ थांबले. १९५० च्या प्रारंभी पूर्व बंगालमध्ये दंगली उसळल्या, नमशूद्रांची गावे उद्ध्वस्त झाली आणि मंत्री असूनही त्यांना काही करता येईना. ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी कलकत्त्याहून लियाकत अलींना सविस्तर राजीनामा पाठवला. त्यात अत्याचारांचा पाढा होता आणि आपल्या विश्वासाचा घात कसा झाला, हेही होते. वर्षभराने, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनीही राजीनामा दिला. समाजाचे काम होत नसेल तर खुर्ची सोडायची असते, हे दोघांनी दाखवले. आज खुर्चीसाठी रोज नवा दरवाजा ठोठावणाऱ्यांनी हे दोन राजीनामे समोर ठेवावेत.

भारतात परतलेल्या जोगेंद्रनाथांना कोणी जवळ केले नाही. तिकडे ते हिंदू म्हणून परके, इकडे पाकिस्तानचे मंत्री म्हणून संशयित. निवडणुका लढवल्या, पण यश आले नाही. तरी निर्वासित नमशूद्रांना बंगालबाहेर दंडकारण्यात पाठवण्याविरुद्ध ते लढत राहिले. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेवरच्या बनगाव येथे त्यांचे निधन झाले.

ही गोष्ट दूरच्या बंगालची म्हणून सोडून देऊ नका. ज्या निर्वासितांसाठी ते झिजले, त्यांतलेच अनेक आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत वसवले गेले. बंगालमध्ये नमशूद्र अनुसूचित जातीत आहे. पण कलम ३४१ खालील यादी राज्यवार असते. त्यामुळे महाराष्ट्रात आलेल्या नमशूद्राची अस्पृश्यता बरोबर आली, सवलत मात्र सीमेवरच अडली. यादीत समावेश व्हावा, ही त्यांची जुनी मागणी आहे आणि ती बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. आपल्या वाट्याचा घास कमी होईल, या भीतीने आपण गप्प बसणार काय? बाबासाहेबांना मत देताना बंगालच्या आमदारांनी आपला प्रांत पाहिला नव्हता. गडचिरोलीच्या नमशूद्रांची मागणी चळवळीने आपली मानली, तरच जोगेंद्रनाथांचे ऋण फिटू लागेल.

जय भीम!