लाटेचे गणित

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यावर सर्फिंगसाठी निघालेल्या तरुणांच्या काखेत कधी कधी जेमतेम पाच-साडेपाच फुटांची, रुंद आणि चपटी फळी दिसते. तिची शेपटी माशासारखी दुभंगलेली असते आणि तळाला दोन बाजूंना दोन पर असतात. या फळीला तिकडे फिश म्हणतात. तिचीच चुलत बहीण शोभावी अशी आणखी एक आखूड फळी आहे. तिची शेपटी रुंद आणि आडवी कापलेली असते, आणि तिचे नाव मिनी सिमन्स. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते, तो बॉब सिमन्स १९५४ मध्येच समुद्रात बुडाला. एवढी आखूड फळी त्याने स्वतः कधी बनवल्याचे ज्ञात नाही. तरीही त्याचे नाव तिला का मिळाले, हे समजून घ्यायचे तर त्याच्या वाकड्या हातापासून सुरुवात करावी लागते.

सिमन्सचा जन्म १९१९ चा. घर बुद्धिमंतांचे. थोरला भाऊ एडवर्ड याने धातूवर पडणारा बारीकसा ताण विजेच्या साहाय्याने मोजणारी पट्टी शोधून काढली. आपल्या वाण्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा याच तत्त्वावर चालतो. धाकट्या बॉबचे पोरवय मात्र दुखण्यात गेले. पायाला गाठ झाली आणि पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. त्यातून तो बरा झाला, तर सायकलवरून जाताना मोटारीशी टक्कर झाली आणि डाव्या कोपराची हाडे मोडली. कोपर जडले ते वाकलेल्या अवस्थेतच. हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. इस्पितळातल्याच एका रुग्णाकडून त्याला सर्फिंगची माहिती मिळाली. लाटांत हात मारून हाताला बळ येईल, एवढीच तेव्हा आशा होती.

पण त्या काळची फळी म्हणजे काय प्रकार होता, हे लक्षात घेतले पाहिजे. रेडवूड या लाकडाची दहा-बारा फूट लांब अखंड फळी भरायची शंभर पौंडांच्या घरात, म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस किलो. धडधाकट माणूसही ती खांद्यावर घेऊन वाळू तुडवताना घामाघूम होई. एका हाताने अधू असलेल्या सिमन्सला ती उचलणेही जड होते. दुसरा एखादा समुद्राचा नाद सोडून घरी बसला असता. सिमन्सने फळीलाच हलकी करायचे ठरवले. गार्ड चॅपिन नावाच्या सर्फरच्या कार्यशाळेत तो काम शिकला आणि रंधा हाती घेतला.

त्याच्या हाती रंध्याइतकेच महत्त्वाचे दुसरे हत्यार होते, ते गणिताचे. कॅलटेक या नामांकित संस्थेत त्याने अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते आणि डग्लस या विमानाच्या कारखान्यात नोकरीही केली होती. लिंडसे लॉर्ड या नौकातज्ज्ञाचा वेगवान नौकांच्या तळाविषयीचा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिमन्सने त्याचा कसून अभ्यास केला आणि नौकेसाठी मांडलेले नियम त्याने सर्फिंगच्या फळीला लावले.

हे नियम समजायला अवघड नाहीत. लहानपणी तळ्याच्या काठावरून चपटी खापरी तिरपी फेकण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. खापरी दगडच, पण वेगात असेपर्यंत ती बुडत नाही, पाण्याच्या पाठीवर टप्पे घेत जाते. वेगात असलेल्या चपट्या तळाला पाणी खालून उचलून धरते. फळीचेही तसेच आहे. उभी असताना ती तरंगते ती आपल्या आकारमानामुळे. लाटेवर धावू लागली की तिला पेलून धरतो तो तिचा तळ. अशा वेळी लांबीच्या मानाने रुंदी किती, याला फार महत्त्व येते. लांब आणि अरुंद फळीपेक्षा रुंद तळाची फळी लवकर वर उचलली जाते आणि पाण्यावरून घसरू लागते. सिमन्सच्या स्वतःच्या फळ्या आजच्या मानाने लांबच होत्या. पण त्या रुंद होत्या, शेपटीकडे विशेष रुंद होत्या आणि नाकाशी वर उचललेल्या होत्या.

रुंद शेपटीतून एक नवी अडचण उभी राहिली. लाटेच्या उतारावर फळी एका कुशीवर कलते. मधोमध एकच पर असेल तर तो अशा वेळी पाण्याबाहेर येतो आणि शेपटी निसटते. सिमन्सने दोन्ही कडांजवळ एकेक पर बसवला. फळी कोणत्याही बाजूला कलली तरी त्या बाजूचा पर पाण्यात रुतून राहू लागला.

वजनाचा प्रश्न त्याने नव्या साहित्याने सोडवला. युद्धानंतर काचतंतू आणि राळ बाजारात मिळू लागली तेव्हा फळीला त्यांचे कवच चढवणाऱ्या पहिल्या कारागिरांत तो होता. आत हलके फेसाळ प्लॅस्टिक भरावे तर वरची राळ ते विरघळवून टाकी. म्हणून १९४९ च्या सुमारास त्याने फेसावर प्लायवुडचे पातळ थर आणि कडांना बाल्सा लाकूड लावले, मग वरून काचतंतूंचे कवच दिले. जो क्विग आणि मॅट किव्हलिन हे तरुण कारागीर या कामात त्याच्याबरोबर होते. शंभर पौंडांची फळी इतिहासजमा होऊ लागली.

माणूस मात्र गोड स्वभावाचा नव्हता. तो एकलकोंडा आणि तिरसट होता. लाटेवर कोणी आडवे आले तर तो वळायचा नाही, सरळ अंगावर यायचा. चांगली लाट कुठे फुटते आहे याचा शोध घेत जुन्या फोर्ड मोटारीतून किनारा पालथा घालायचा आणि मोटारीतच झोपायचा. डब्यातले सोयाबीन हे जेवण. संसार त्याने मांडला नाही, पैशाचीही फिकीर केली नाही. पुढे तो सान दिएगोच्या बाजूला रमला. मेक्सिकोच्या सीमेजवळ तिहुआना स्लूज येथे फुटणाऱ्या अजस्र लाटांवरही तो जाई.

त्या काळी फळी पायाला बांधायची दोरी नव्हती. ती १९७० नंतर आली. पडलेल्या माणसाला पोहतच किनारा गाठावा लागे आणि सिमन्सचा एक हात वाकडा होता. २६ सप्टेंबर १९५४ रोजी ला होया गावच्या विंडनसी किनाऱ्यावर तो लाटेवरून पडला. बहुधा फळीचाच मार डोक्याला बसला असावा. मृतदेह तीन दिवसांनी मिळाला. वय अवघे पस्तीस. ज्या हातामुळे हा सारा खटाटोप सुरू झाला, तो हात त्या दिवशी किती उपयोगी पडला असेल, या विचाराने मन खिन्न होते.

पण त्याच्या गणिताचे उत्तर पुढे निघत राहिले. १९६७ च्या सुमारास त्याच सान दिएगोत स्टीव्ह लिस या मुलाने गुडघ्यांवर बसून लाटेवर जाण्यासाठी आखूड, रुंद आणि दुभंगलेल्या शेपटीची फळी बनवली. तिलाही कडांजवळ दोन पर होते. तीच फिश. १९७२ मध्ये सान दिएगोतच झालेल्या जागतिक स्पर्धेत जिम ब्लिअर्स फिशवर उभा राहून विजेता ठरला. दोन परांची आखूड फळी पुढे आणखी विकसित करून ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने १९७९ ते १९८२ अशी सलग चार विश्वविजेतेपदे मिळवली. आणि २००६ मध्ये रिचर्ड केनव्हिन आणि जो बॉगेस यांनी सिमन्सच्या जुन्या फळ्यांचा आराखडा आखूड करून पाण्यात उतरवला. एवढीशी फळी माणसाला घेऊन सपाट्याने धावली. जोर रुंद तळात असतो, हे सिमन्सचे म्हणणे पन्नास वर्षांनंतर पुन्हा एकदा ताळा करून पाहिले गेले, आणि ते बरोबर निघाले.

सिमन्सने ना कारखाना मागे ठेवला, ना मुलेबाळे. आपल्या अधू हाताला पेलेल अशी फळी त्याला हवी होती, तीच त्याने शोधली. तिचा फायदा मात्र त्याच्यापेक्षा अधिक झाला तो पुढच्यांना. आज दहा-बारा वर्षांचे पोरही फळी काखेत मारून समुद्राकडे धावत सुटते. तिचे वजन त्याला जाणवतही नाही.