वाटा बांधणारा साहेब : मेडोज टेलर

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. पावसाळ्यात तिथल्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे बघायला आपल्या हॉस्टेलमधून दरवर्षी एक तरी बॅच जातेच. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्याच्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल बांधला. वरून पाणी कोसळतंय आणि आत माणूस कोरडा! सिव्हिलवाल्यांनी तर हे बघायलाच हवं. पण मला सांगायचंय ते या किल्ल्यात राहिलेल्या एका इंग्रजाबद्दल. त्याचं नाव कर्नल फिलिप मेडोज टेलर.

हे नाव मी शाळेत इंग्रजीच्या तासाला ऐकलं होतं, ठगांवरच्या कादंबरीचा लेखक म्हणून. तो आपल्या नळदुर्गचा कारभारी होता हे मात्र कुणी सांगितलं नाही.

त्याचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. घरची परिस्थिती बिघडली म्हणून पंधराव्या वर्षी त्याला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनीला पाठवलं. इथे येऊन बघतो तर त्या व्यापाऱ्याचंच दिवाळं निघायची वेळ आलेली. मग १८२४ मध्ये तो निजामाच्या फौजेत भरती झाला. कंपनी सरकारच्या नोकरीत जो पगार आणि मान होता तो या नोकरीत नव्हता, आणि हा सल त्याला जन्मभर राहिला. कॉलेज नाही, डिग्री नाही. मोजणी, कायदा, भाषा, भूगर्भशास्त्र, चित्रकला, सगळं स्वतःच्या हिमतीवर शिकला. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करणारे लोक, आपण काय बोलणार!

विशीत असताना, म्हणजे माझ्याच वयात, त्याच्याकडे पोलिसांचं काम आलं. त्या काळी रस्ता म्हणजे जिवाशी खेळ. वाटसरू एकटा जायला घाबरायचा, म्हणून सोबत शोधायचा. आणि ठग नेमके सोबती बनूनच यायचे. चार दिवस बरोबर चालायचे, जेवायचे, गप्पा मारायचे आणि मग रुमालाने गळा आवळून प्रेत पुरून टाकायचे. टेलरला या प्रकाराचा सुगावा लागत होता, तेवढ्यात त्याची बदली झाली. तिथेच राहू द्या अशी विनंती त्याने केली, पण वरिष्ठांनी ऐकली नाही. ठगांचा बंदोबस्त केल्याचं श्रेय पुढे स्लीमनला मिळालं. टेलरने मात्र १८३९ मध्ये एका ठगाच्या तोंडून सांगितलेली कादंबरी लिहिली आणि तो इंग्लंडभर प्रसिद्ध झाला. मला त्यातली खुनांची वर्णनं इतकी नाही लक्षात राहिली. लक्षात राहिलं ते हे, की वाट सगळ्यांची असते आणि ती चालते ती अनोळखी माणसावरच्या विश्वासावर. ठगांनी तोच विश्वास मारला होता.

१८४१ पासून तो सुरपूर संस्थानात होता. (हे आता कर्नाटकात, यादगीर जिल्ह्यात आहे. त्याचा बंगला ‘टेलर मंझिल’ म्हणून अजून दाखवतात.) तिथल्या बालराजाला त्याने पोटच्या मुलासारखं वाढवलं. राजा त्याला अप्पा म्हणायचा. १८५८ मध्ये तोच राजा इंग्रजांविरुद्ध उठला आणि पकडला गेला. फाशीची शिक्षा कमी होऊन कैद ठरली, पण तिकडे नेताना पिस्तुलाची गोळी लागून तो गेला. अपघात की आत्महत्या, यावर वाद आहे. टेलर कितीही चांगला म्हटला तरी शेवटी परक्या सत्तेचा चाकर होता, हे इथे स्पष्ट दिसतं.

मधली चार वर्षं नळदुर्गची. १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि आपला हा भाग इंग्रजांकडे दिला. टेलर इथे डेप्युटी कमिशनर होऊन आला आणि किल्ल्यातच राहू लागला. त्याने जमिनीची मोजणी सुरू केली, रस्ते केले. रस्ता करणं म्हणजे नुसती खडी पसरणं नव्हे, हे आपल्याला सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला कळतंच. पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर पहिल्या पावसात रस्त्याचा ओढा होतो. शिवाय त्या वाटांवर बैलगाड्या, घोडे, मेंढरं आणि तुळजापूरला निघालेले यात्रेकरू, सगळे एकत्र.

किल्ल्यातल्या पायवाटेचंही गणित तेच आहे. वळण टाळायला आपण उतारावरून सरळ शॉर्टकट मारतो. गवत जातं, माती उघडी पडते, पाणी तिथूनच धावतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ होते. मग पुढचे लोक तिच्या बाजूने नवी वाट पाडतात! तटावर नावं कोरणारे प्रेमवीर आणि बुरुजापर्यंत गाडी न्यायला बघणारे हीरो वेगळेच. २०१४ मध्ये हा किल्ला सरकारच्या वैभव संगोपन योजनेत देखभालीसाठी खाजगी कंपनीकडे दिला गेला. तिकिटाबद्दल कुरकुर करणारे खूप भेटतात. माझं मत विचाराल तर वाटेची निगा राखायला पैसा लागतो, पण जवळच्या खेड्यातल्या गुराख्याला तिकीट परवडेल का, हा प्रश्नही खरा आहे.

वाटून घेणं या भागाला नवीन नाही. इथला खंडोबा वर्षातला बहुतेक काळ शेजारच्या अणदूरला असतो आणि पौषातल्या यात्रेच्या सुमाराला नळदुर्गला येतो. दोन गावं, देव एक, आणि नेण्या-आणण्याचा लेखी करार! सोलापूर ते तुळजापूर रस्ताही कोजागरीला गाड्यांसाठी बंद होतो आणि अनवाणी चालणाऱ्या भक्तांना मोकळा मिळतो.

१८५७ च्या धामधुमीत टेलरला वऱ्हाडात, बुलढाण्याला पाठवलं. तिथे त्याने फौजेशिवाय शांतता राखली. १८६० मध्ये तब्येत ढासळली म्हणून तो निवृत्त झाला. त्याच वर्षी नळदुर्ग पुन्हा निजामाला मिळालं. इंग्लंडला परतल्यावर त्याने १८६३ मध्ये ‘तारा’ ही कादंबरी छापली. तिची नायिका तुळजापूरची, काळ शिवाजी महाराज आणि अफझलखानाचा. म्हणजे माणूस गेला तरी मन इथल्याच घाटात फिरत होतं.

१८७५ मध्ये नजर जवळजवळ गेलेली असताना तो पुन्हा हिंदुस्थानात आला. इथे त्याला तापाने गाठलं. परतीच्या वाटेवर, १३ मे १८७६ रोजी, फ्रान्समधल्या मेंतों गावात तो वारला. आत्मचरित्र त्याच्या मागे, १८७७ मध्ये छापून आलं. आपल्या लायब्ररीत ते नाही. मागवायला हरकत नाही, सर!