खटल्यापलीकडच्या डॉ. रखमाबाई

रखमाबाईंचे नाव निघाले की आपल्या लोकांना एकच गोष्ट आठवते. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाणे पत्करणारी बाई. त्यांच्यावर लेख येतात, मराठीत चरित्र आहे, सिनेमाही निघाला. पण तो खटला चालला चार वर्षे आणि त्यानंतर रखमाबाईंनी डॉक्टरकी केली ती जवळजवळ पस्तीस वर्षे. तीही मुंबई-पुण्यात नव्हे, सुरतेला आणि राजकोटला. आम्ही गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसे. त्यातून सरकारी नोकरी, त्यामुळे सुरत काय, राजकोट काय, ही आमच्या बदल्यांची गावे. तिथे एका मराठी बाईने एवढे आयुष्य घालवले, हे आपल्या मंडळातही किती जणांना ठाऊक असेल याची शंका वाटते. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. त्यांच्या आई जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी मूल झाले आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. वडील जनार्दन पांडुरंग गेले तेव्हा रखमाबाई दोन-अडीच वर्षांच्या होत्या. ज्ञाती सुतारांची असल्याने पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे गृहस्थ साधे नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजशी जोडलेले डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, १८८३ साली मुंबईत निसर्ग इतिहास मंडळ (आजची बीएनएचएस) स्थापन झाले त्यातले एक संस्थापक सभासद. रखमाबाईंना पुस्तकांचे वेड लागले ते या घरात.

अकराव्या वर्षी त्यांचेही लग्न झाले. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला. त्याने सासऱ्याच्या आधाराने शिकावे, अशी बोलणी होती. त्याने काही शिकायचे मनावर घेतले नाही. पुढे मुलगी वयात आली आणि रिवाजाप्रमाणे गर्भाधानाची घाई सुरू झाली. तेव्हा सखाराम अर्जुनांनी नाही म्हटले. आमच्या मते या साऱ्या कथेतला हा महत्त्वाचा क्षण आहे, आणि लेखांत तो एका ओळीत उरकला जातो. त्यांचा नकार हा समाजसुधारकाचा असेल, पण त्याआधी तो एका डॉक्टरचा होता. कोवळ्या वयात आईपण आले म्हणजे काय होते, ते त्यांनी रुग्णांत पाहिलेले असणार. घरात बायकोचा इतिहासही डोळ्यांसमोर होता.

खटल्याची हकीकत बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दादाजीने १८८४ साली बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. दादाजीने दुसरे लग्न केले. मधल्या काळात त्यांनी टोपणनावाने इंग्रजी वर्तमानपत्रात बालविवाहावर आणि वैधव्यावर लिहिलेली पत्रे देशभर गाजली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपण ज्या सार्वजनिक गणेशोत्सवाची ही स्मरणिका काढतो, तो उत्सव १८९३ पासून ज्या लोकमान्यांनी वाढवला, तेच या प्रकरणात रखमाबाईंच्या विरोधात उभे होते. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या घरात हात घालू नये, ही त्यांची भूमिका. टिळकांबद्दल आम्हांला जो आदर आहे तो आहेच. पण या बाबतीत बरोबर रखमाबाईच होत्या असे आम्हांला वाटते, आणि उत्सवाच्या स्मरणिकेत ते लिहायला हरकत नसावी. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला. त्यात मुलीचे वय दहावरून बारावर आले. दहावरून बारा! तेवढ्यासाठीही केवढे रान उठले होते.

तडजोड झाल्यावर रखमाबाई चोवीस वर्षांच्या होत्या. बदनामी पदरात, आणि आधार देणारे सखाराम अर्जुन तर १८८५ सालीच वारलेले. त्या वेळी मुंबईच्या कामा हॉस्पिटलात डॉ. एडिथ पिची नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुख्य होत्या. बायकांचे हॉस्पिटल बायकांनीच चालवायचे, या हट्टाने ते हॉस्पिटल उभे राहिले होते. पिचीबाईंनी रखमाबाईंना वैद्यकीकडे वळवले आणि विलायतेच्या खर्चासाठी वर्गणी उभी करायला मदत केली. त्या वर्गणीत इंदूरच्या शिवाजीराव होळकरांचे पाचशे रुपये होते, हे आपल्या इंदूरकर वाचकांना आवडेल. १८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. रॉयल फ्री हॉस्पिटलात प्रत्यक्ष शिक्षण, मग स्कॉटलंडच्या वैद्यकीय मंडळांची परीक्षा, आणि १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. आनंदीबाई जोशींनी १८८६ साली पदवी घेतली, पण परत येऊन चारच महिन्यांत त्या गेल्या. त्यांना दवाखाना चालवायला मिळालाच नाही. रखमाबाईंना मिळाला.

१८९५ साली त्या सुरतेच्या बायकांच्या हॉस्पिटलात रुजू झाल्या.

त्या काळी बाळंतपण म्हणजे काय होते, हे आजच्या तरुण मंडळींना सांगावे लागेल. घरातली सर्वांत अंधारी खोली बाळंतिणीची. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, खोलीत धूर. सुईण घरकामातून उठून आलेली, तिचे हात न धुतलेले. नाळ कापायला कोयता, विळा, जे हाताशी असेल ते. तिथून बाळाला धनुर्वात व्हायचा आणि आठवड्याच्या आत ते जायचे. आईला बाळंतज्वर यायचा. घरची माणसे बाहेरचे काही लागले असे समजायची. दोन्हींवर उपाय एकच होता आणि तो स्वस्त होता: हात साबणाने धुवा, हत्यार उकळून घ्या. युरोपात हे शिक्षण तेव्हा नुकते रुजले होते आणि रखमाबाई तेच शिकून आल्या होत्या. पण ऐकणार कोण? हॉस्पिटलात जाणे म्हणजे मरायला जाणे, हा समज. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायचीही चोरी. आणि ही डॉक्टरीण तर नवऱ्याला सोडून आलेली.

सुरतेला बायका बाळंतपणाला येईनात, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी हॉस्पिटलात आणून तिची सुटका करून दाखवली, असे सांगतात. शेळी आणि करडे सुखरूप पाहून मग बायकांचा धीर चेपला. कथा ऐकून हसू येते. पण आम्हांला ती खरी वाटते, कारण आजही असेच असते. भाषणाने कोणी बदलत नाही. शेजारणीचे बाळंतपण दवाखान्यात नीट झालेले पाहिले की दुसऱ्या दिवशी चार जणी तयार होतात.

बाळाच्या दुधाचीही हीच कथा. बाळंत झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक अशुद्ध समजून पिळून टाकायचा आणि बाळाला मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी चाटवायचे, ही चाल आपल्याकडेही होती आणि गुजरातेत तर गळथूथी म्हणून तिला मानाचे स्थान आहे. घराण्यातले गुणी माणूस शोधून त्याच्या हातून ती देतात. भावना चांगली, पण तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस. त्यात रोगाशी लढणारी द्रव्ये असतात, आणि ती मधात नसतात. उलट लहानग्याला मध घातकही ठरू शकतो. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावे, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये, हे आज प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिलेले असते. आमच्याच घरांत अजून ते पाळले जाते का, ते ज्याने त्याने पाहावे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह येतो, त्यानंतर थोड्याच दिवसांनी गणपती. दोन्हींची तयारी एकदमच करता येईल.

सुरतेची ती वर्षे साधी नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठ गुजरातेत पसरला. १८९९-१९०० चा दुष्काळ इथे अजून छप्पनियो म्हणून ओळखला जातो.  अशा काळात बायकांच्या हॉस्पिटलात काय गर्दी असेल याची कल्पना करावी.

१९०४ साली दादाजी वारला. ज्याला नवरा मानायला त्या भर कोर्टात तयार नव्हत्या, त्याच्या मृत्यूनंतर रखमाबाईंनी पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली आणि ते कायम ठेवले. याचा अर्थ लावताना चरित्रकारही अडखळतात. आम्हीही लावत नाही. एवढेच जाणवते की सुरतेच्या ज्या बायका त्यांच्याकडे येत, त्यांच्यातल्या कितीतरी जणी तशाच पांढऱ्या वस्त्रांत असत.

पुढे सरकारच्या स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे आले. १९१८ च्या सुमारास ते नाकारून त्यांनी राजकोटचे जनाना हॉस्पिटल पत्करले. काठेवाडातल्या संस्थानी मुलखात पडद्याची चाल कडक. तिथे १९२९-३० पर्यंत त्या राहिल्या आणि तिथे रेडक्रॉसचे कामही त्यांनी उभे केले. नोकरी संपत आली असताना, १९२९ साली, त्यांनी पडदा बंद झाला पाहिजे असा लेख इंग्रजीत लिहिला. तरुणपणी बालविवाहावर लिहिणारी लेखणी साठीनंतर पडद्यावर लिहीत होती. या विषयाला शरीरशास्त्राचीही बाजू आहे. जन्मभर उन्हाला न जाणाऱ्या मुलीची हाडे मऊ राहतात, कंबरेचा सांगाडा चेमटतो आणि बाळंतपण अडते. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन वॉन यांनी त्याच सुमारास हे मांडले होते. कोंदट खोलीत क्षयही लवकर पसरतो.

आता तो पडदा गेला. निदान दाराचा गेला. पण ममता दिवसाला अंगणवाडीत आलेल्या बायका पाहाव्यात. बाळाचे वजन, बाळाची लस, सगळे विचारतात. स्वतःचे काही विचारत नाहीत. अंगावरून जाते, छातीत गाठ लागते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसते, ही दुखणी घरातल्या माणसालाही कळत नाहीत. आपल्या भाषेत दुखणे अंगावर काढणे असा शब्दच आहे, आणि तो बहुधा बायकांच्याच बाबतीत वापरतात. गर्भपिशवीच्या तोंडाचा आणि स्तनाचा कर्करोग वेळेत कळला तर बरा होतो. आपल्या घरांत तो उशिरा कळतो, कारण बाई सांगत नाही आणि आपण विचारत नाही. मंडळातल्या शिकल्यासवरल्या कुटुंबांतही आम्ही हे पाहिले आहे, म्हणून लिहितो आहोत. तीस वर्षांवरच्या बाईची या दोन्हींची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत असते. आपल्या मामीला, वहिनीला, आईला कोणी घेऊन गेले आहे का?

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईला परतल्या आणि तिथेच राहिल्या. स्वतःचा संसार त्यांनी कधी मांडला नाही. सुरत-राजकोटात त्यांच्या हातून जन्मलेली मुले किती, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. त्यांची नातवंडे-पणतवंडे आज या दोन शहरांत आपल्या आजूबाजूलाच असतील. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता.